डुक्कर की बँजो?

राल्फ स्टॅन्ली, अमेरिकेतला पुढे गाजलेला ब्लूग्रास गायक आणि बँजोवादक, अकराएक वर्षांचा असताना आईनं त्याला विचारलं, तुला डुक्कर हवं की बँजो? नात्यातल्या एका बाईकडे दोन्ही विकायला होतं. किंमत ५-५ डॉलर, आणि घरची ऐपत एकच घेण्याची. पोराला शेतीची, जनावरांची ओढ. तरी त्यानं बँजो मागितला.

हे सगळं व्हर्जिनियाच्या नैऋत्य कोपऱ्यातलं, डिकन्सन काउंटीतल्या डोंगरांमधलं. कोळशाच्या खाणींचा मुलूख. आई ल्यूसी स्वतः बँजो वाजवायची आणि तिची ११ भावंडंसुद्धा. नवा बँजो तिनंच सुरात लावला आणि पहिली धून वाजवून दाखवली. तिचा हात जुन्या 'क्लॉहॅमर' पद्धतीचा: बोटं वाकवून नखाच्या पाठीनं तारेवर वरून आघात करायचा आणि अंगठ्यानं पाचवी आखूड तार छेडायची. वडील ली काही वाजवत नसत, पण जुनी गाणी म्हणत.

ब्लूग्रास, म्हणजे बँजो, गिटार, फिडल अशा तंतुवाद्यांवरचं अमेरिकन लोकवळणाचं संगीत, म्हटलं की मित्र मला भरधाव बँजोच्या रील्स पाठवतात. माझं भांडण तिथेच आहे. या संगीताचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडमध्ये १९४५च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज आला आणि त्याच्या तीन बोटांच्या वादनानं या संगीताला वेग दिला, हे मान्य. पण स्टॅन्ली बंधूंकडे, म्हणजे राल्फ आणि त्याचा थोरला भाऊ कार्टर यांच्याकडे, यायचं ते आवाजासाठी. तो आवाज त्यांच्या प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्चमधून आलाय. तिथे वाद्यं चालत नसत. एकानं ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती सावकाश, ओढून म्हणायची. भजनात बुवांची ओळ टाळकरी उचलतात ते ज्यानं लहानपणी ऐकलंय, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

१९४६मध्ये राल्फ सैन्यातून परतला आणि कार्टरबरोबर त्यांचा बँड 'क्लिंच माउंटन बॉइज' उभा राहिला. ब्रिस्टलच्या रेडिओवरून ते डोंगराडोंगरात पोचले. कार्टर गिटार घेऊन मुख्य आवाज लावायचा, लोकांशी बोलायचाही तोच. राल्फ लाजाळू, भावाच्या आवाजावर आपला उंच, कातरा टेनर चढवायचा. १ डिसेंबर १९६६ला कार्टर गेला, अवघ्या ४१व्या वर्षी. ज्यानं कधी माइकसमोर चार वाक्यं धड बोलली नव्हती, त्याच्यावर सगळं येऊन पडलं.

घरचा बँड म्हणजे घराणेशाही, असं कुणी म्हटलं की मला पुढचा प्रसंग सांगावासा वाटतो. १९७० साली वेस्ट व्हर्जिनियातल्या फोर्ट गे इथल्या एका कार्यक्रमाला राल्फला पोचायला उशीर झाला, गाडीचा टायर पंक्चर झाला होता. आत शिरला तर दोन मुलं स्टॅन्ली बंधूंची गाणी म्हणत होती, थेट त्या दोघांसारखी. रिकी स्कॅग्ज आणि कीथ व्हिटली, केंटकीची, पंधरा-सोळा वर्षांची. रक्ताचं नातं काही नाही. राल्फनं त्यांना बँडमध्ये घेतलं. पुढे दोघेही कंट्री संगीतातले मोठे गायक झाले. धाकट्यांना आपल्यासारखं गाताना ऐकून अनेक मोठे कलाकार अवघडतात. याला आनंद झाला, आणि मला त्याचं मोठेपण कुठल्याही पुरस्कारापेक्षा इथे जास्त दिसतं.

पुरस्कारही आलाच, पण किती उशिरा! फेब्रुवारी २००२मध्ये ग्रॅमी, ७५ वर्षं पूर्ण झाली त्याच आठवड्यात, आणि तो 'ओ डेथ' या मृत्यूला विनवणाऱ्या जुन्या गाण्यासाठी. सोबत एकही वाद्य नाही. ज्याच्या हातातला बँजो जग ओळखत होतं, तो हात रिकामे ठेवून चर्चमधल्यासारखा गायला. ते गाणं रात्री हेडफोन लावून एकट्यानं ऐका. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नंतर बराच वेळ दुसरं काही लावावंसं वाटलं नाही.

२०१६मध्ये राल्फ गेला. आता बँड मुलगा चालवतो, त्याचंही नाव राल्फच. पण तो बापाचा बँजो घेऊन उभा राहत नाही. गळ्यात गिटार असते आणि तो मुख्य आवाज गातो, म्हणजे त्याच्या जन्माआधीच गेलेल्या काकाच्या जागेवर.