मागच्या चाकांचे स्वतंत्र मत

छोट्या मोटारीचे पाठीमागचे अंग बिघडले, तर त्याची बातमी चालवणाऱ्याला सर्वांत शेवटी लागते. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या साधारण मध्यावर, त्यातल्या त्यात सुखरूप जागी बसलेला असतो; मागे बसणारे मात्र जवळजवळ मागच्या चाकांच्या डोक्यावरच बसतात. त्यामुळे आमच्या गाडीच्या सस्पेन्शनचे पहिले निदान कोणत्याही गॅरेजात झाले नाही. ते माझ्या आत्याने, घोडबंदर रोडवर मानपाड्याचा उड्डाणपूल उतरताना केले. ‘‘अरे, तू पुढे निघून आलास, मी अजून त्या मागच्या खड्ड्यातच आहे,’’ ती म्हणाली.

शास्त्राच्या दृष्टीने हे विधान बिनचूक होते. खड्ड्यात चाक गेले की स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग सुटल्यावर लगेच शांत बसत नाही. तिला गप्प करण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या पोटातले तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत जिरते. हे तेल गळून गेले, की खड्डा संपला तरी खड्ड्याचा परिणाम संपत नाही, आणि आत्याला एकाच खड्ड्याचा लाभ पुन्हा पुन्हा मिळत राहतो.

आमच्या सोसायटीत मोटारीविषयी मत नसलेला माणूस फक्त तळमजल्यावरचे तान्हे बाळ आहे. एकाने टायरमध्ये नायट्रोजन भरायला सांगितले. दुसऱ्याने स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसवण्याचा सल्ला दिला, कारण त्याच्या मेव्हण्याने ते बसवले होते. बफरने स्प्रिंग कडक होते, पण मेलेला शॉकअप काही जिवंत होत नाही, हे मी नम्रपणे सुचवून पाहिले, तर मेव्हण्याचा अपमान झाल्यासारखी शांतता पसरली.

खरी पंचाईत वळणांवर होती. गायमुखच्या घाटात स्टिअरिंग वळवले की गाडीचे तोंड आज्ञाधारकपणे वळे, मग क्षणभराने मागची बाजू आपला वेगळा निर्णय घेऊन आल्यासारखी बाहेर सरके आणि पुन्हा जागेवर येई. शेजारून कंटेनर जात असताना असा मतभेद परवडत नाही. याचे मूळ मागच्या आसात आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो: दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी पोलादी तुळई, जी एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की पिळल्या जाणाऱ्या ओल्या धोतरासारखी पीळ घेते. 1974 मध्ये फोक्सवॅगनच्या सिरोको आणि गोल्फ या गाड्यांत ही रचना आली आणि स्वस्त, आटोपशीर व डिकीची जागा न खाणारी म्हणून सर्वत्र रुजली. तिच्यामुळे डाव्या चाकाचे दुःख उजव्यालाही थोडे कळते, ही एरवी चांगली गोष्ट. पण हा सगळा संसार गाडीच्या अंगाला धरलेला असतो तो दोन जाड रबरी बुशांनी. बुश फाटले की अख्खा आसच वळणात जरासा तिरपा होतो आणि चालवणारे दोघे होतात.

आधी मी अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन तपासून जुळवून देणाऱ्या, दुकानात गेलो. तिथल्या पडद्यावर पुढच्या चाकांचे आकडे हिरवे झाले, मागचे लाल ते लालच राहिले. मी बोट दाखवताच तो पोरगा म्हणाला, ‘‘मागचं होत नाही साहेब, ते फिक्स असतं.’’ हेही खरे आहे. अशा बहुसंख्य गाड्यांत मागच्या चाकांचा कोन बदलण्याची सोयच नसते. लाल आकड्यांचे पैसे मात्र हिरव्यांइतकेच पडले.

शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका मिस्त्रींनी कोणतेही यंत्र न लावता डिकीवर दोन्ही तळहातांनी भार दिला आणि सोडला. निरोगी गाडी वर येऊन थांबते. आमची वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. खाली वाकून बोट फिरवले, तर बोटाला धुळीत कालवलेले काळे तेल. टायरवरून हात फिरवून ते म्हणाले, ‘‘बघा, कुठे खाल्लाय, कुठे नाही. चाक जमिनीवर टिकतच नव्हतं.’’ रबरावर उंचसखल ठिगळे खरोखर हाताला लागत होती.

एवढे सगळे होण्याचे कारण विचारण्याची गरज नव्हती. गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो, अशी भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक सूचना आहे. आमच्या गल्लीतले गतिरोधक उंचीच्या बाबतीत या सूचनेचा पूर्ण आदर राखतात. रुंदी मात्र चपलेच्या दुकानातल्या पाटाएवढी असते. त्याच्या पुढे पेव्हर ब्लॉक, आणि त्यांच्या मधून निसटलेल्या एका ब्लॉकची चौकोनी, धारदार जागा.

शॉकअप जोडीने बदलले, बुश बदलले, वळणावरचा मतभेद मिटला. तरीही रिकामी गाडी मागून अजून जरा आपटतेच. मिस्त्री म्हणाले, ते तसेच राहणार: इंजिन पुढे, त्यामुळे वजनही पुढे, मागची स्प्रिंग बनवलेली असते ती तीन माणसे आणि सामान उचलण्यासाठी, म्हणून एकट्यादुकट्याला ती दाद देत नाही. ‘‘मागे माणसं बसवा साहेब, मग बघा कशी जाते.’’ तेव्हापासून मीरा रोडकडे जायचे असले की मी आधी आत्याला फोन करून चलण्याचा आग्रह करतो. हा जिव्हाळा अचानक कुठून आला, असे ती दर वेळी विचारते, आणि मागच्या आसावर भार हवा आहे हे वडीलधाऱ्या बाईला सांगण्याची सभ्य रीत मला अजून सापडलेली नाही.