शोधायचं कोणी, आईनं की शाळेनं?

दहावीचे निकाल लागले की आमच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षी हा विषय निघतो, हल्ली कोणालाही डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट मिळतं, जास्तीचा वेळ काय, लेखनिक काय, मग मार्क पडणारच. मला मनापासून राग येतो. वाद सगळा सवलतींवर, पण त्या मुलाला वाचायला त्रास होतो हे कळायला नववी-दहावी का उजाडावी लागली हे कोणी विचारत नाही. दुसरीत फळ्यावरचं उतरवताना ते पोरगं रडायचं तेव्हा आळशी म्हणून बाकावर उभं केलं, आणि नववीत कोणी ओळखीचं म्हणालं टेस्ट करून घ्या, की मग आईबाप सरकारी हॉस्पिटलच्या तारखांमागे. सर्टिफिकेट येईपर्यंत परीक्षा तोंडावर! पेपर लिहायची सोय झाली, वाचायला शिकवलं कोणीच नाही.

मी ह्यूस्टनजवळ राहते. माझ्या धाकट्याचं वाचन मागे पडतंय असं वाटलं तेव्हा मी शाळेला साधं पत्र दिलं. टेक्ससमधे असं लेखी पत्र दिलं की शाळेनं 15 शालेय दिवसांत उत्तर द्यायचं, तपासणी करणार का नाही, नसेल तर का नाही ते लिहून. आईवडिलांनी तपासणीच्या संमतीवर सही केली की 45 शालेय दिवसांत रिपोर्ट, आणि त्यानंतर 30 दिवसांत मीटिंग, जिला इथे आर्ड म्हणतात. टेबलाला वर्गशिक्षिका, स्पेशल एज्युकेशनच्या बाई, रिपोर्ट समजावून सांगणारा माणूस आणि आपण. वर्षभरात मूल कुठपर्यंत पोचलं पाहिजे हे मोजता येईल असं लिहितात, आणि दरवर्षी परत बसायचं. इंग्रजी येत नसेल तर दुभाषी शाळेनं आणायचा. पैसे एक नाही. आणि मुख्य म्हणजे 1975 च्या केंद्राच्या कायद्यापासून अशी मुलं शोधून काढायची जबाबदारीच सरकारी शाळांच्या यंत्रणेवर आहे, आईनं पत्र दिलं नाही तरी.

पण म्हणून अमेरिकेत सगळं छान असं मी अजिबात म्हणणार नाही, कारण याच टेक्ससनं 2004 पासून काय केलं तर स्पेशल एज्युकेशनमधली मुलं 8.5 टक्क्यांच्या वर जाऊ नयेत असं टार्गेट शाळांवर ठेवलं. देशाची सरासरी तेव्हा 13 टक्क्यांच्या आसपास. हजारो मुलांना तपासणीच नाकारली गेली, 2016 ला ह्यूस्टन क्रॉनिकलनं ते बाहेर काढलं, आणि 2018 मधे केंद्राच्या शिक्षण खात्यानं कायदा मोडल्याचा ठपका ठेवला. म्हणजे कायदा तोच, मुदती होत्या, तरी झालं. फरक एवढाच की पालकांना कायद्यात बोट ठेवायला जागा होती.

आपली काही मराठी मंडळी इथेही सही करायला घाबरतात, शिक्का बसेल म्हणून. अहो, शिक्का वर्गात आधीच बसलेला असतो, ढ म्हणून. त्यापेक्षा नेमका त्रास काय ते कागदावर आलेलं बरं नाही का?

भारतात कायदा नाही असंही नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 सांगतं की अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखा शिकण्यातला अडथळा, लवकरात लवकर ओळखून त्यावर उपाय करणं हे शाळेचं काम, नुसत्या सरकारी नाही, मान्यता असलेल्या खाजगी शाळांचंसुद्धा. पण लवकरात लवकर म्हणजे किती दिवस ते लिहिलेलंच नाही! सुप्रीम कोर्टानं 2021 मधे प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि पुढे 15 मागे एक असं सांगितलं. महाराष्ट्रानं 2024 मधे शाळांच्या केंद्रांच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटांच्या, पातळीवर विशेष शिक्षकांच्या 4860 पदांचा निर्णय घेतला, चांगलंच आहे, पण एका केंद्रात कितीतरी शाळा असतात, त्या बाई एकेका पोराजवळ बसणार कधी?

त्यामुळे माझं म्हणणं, सवलतींवर भांडण्यापेक्षा मुदत मागा. पालकाचा अर्ज आल्यापासून इतक्या दिवसांत तपासणी, नकार असेल तर लेखी, आणि तपासणी दुसरी-तिसरीतच. नाशिकच्या वहिनीला मी हेच सांगितलं, पुतण्या चौथीत आहे, बाई नुसतं लक्ष देत नाही म्हणतात. तोंडी बोलू नको, कलम 16 चा उल्लेख करून मुख्याध्यापकांना अर्ज दे आणि पोच घे. तिनं सोमवारी दिलाय.