कोकणातली भुतं मालिकांनी आणलेली नाहीत

आमच्या सिंधुदुर्गात व्हॉट्सॲपवर एक मजकूर सारखा फिरत असतो. आशय असा, की आपल्या लेखकांनी दाखवलेलं कोकण साधं, सोज्वळ होतं. भुतंखेतं, बाहेरख्यालीपणा, भाऊबंदकी हे सगळं मालिकावाल्यांनी टीआरपीसाठी घुसडलं आणि कोकण बदनाम झालं. रोख २०१६ साली झी मराठीवर सुरू झालेल्या, आकेरीत चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’वर असतो. लोक मायेपोटीच तो पुढे पाठवतात. पण त्यात आपल्याच लेखकांवर अन्याय होतो, म्हणून हे उत्तर.

आधी भुतांचं बघू. आरवलीच्या वेतोबाला आजही भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्रभर गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. राखणदार, देवचार ही गाव राखणाऱ्या अदृश्य शक्तींची नावं घराघरांत टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या देवापुढे घातल्या जाणाऱ्या गाऱ्हाण्यांत आहेत. याच मुलखातल्या चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ १९६६ सालची. दैवी देणगी मिळाल्याचा विश्वास माणसाला कुठल्या टोकाला नेतो, हे तिच्यात वाचताना जे भय वाटतं, तसं मला कुठल्याही मालिकेत वाटलेलं नाही. श्याम बेनेगलांनी तिच्यावर चित्रपटही केला. खानोलकरांना कोकण बदनाम करणारा लेखक म्हणायची आपली तयारी आहे का?

बाहेरख्यालीपणाचं म्हणाल, तर श्री. ना. पेंडसे यांचा ‘गारंबीचा बापू’ १९५२ सालचा. बापू आणि राधेच्या संबंधांनी गाव ढवळून निघतं, आणि लेखक ठामपणे त्या दोघांच्या बाजूने उभा राहतो. वेतोबाच्या त्याच आरवलीचे जयवंत दळवी ‘महानंदा’त थेट भाविणीच्या, म्हणजे देवाला वाहिलेल्या बाईच्या, घरात शिरले.

भाऊबंदकी तर पेंडशांच्याच ‘तुंबाडचे खोत’ कादंबरीमध्ये दोन खंड आणि चार पिढ्या पुरली आहे. इतकंच कशाला, सोज्वळपणाचा दाखला म्हणून जी ‘श्यामची आई’ पुढे केली जाते, तिच्यातही वेगळं निघणं आहे, सावकार आहे, घरावरची जप्ती आहे.

साहित्य आणि मालिका यांचं नातंच नाही, हेही खरं नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव, ताम्हनकरांचा गोट्या, रणजित देसाईंची ‘स्वामी’ दूरदर्शनने घराघरांत पोचवली.

‘रात्रीस खेळ चाले’ मात्र कुठल्या कादंबरीवर बेतलेली नाही, आणि तिच्यावर माझाही राग आहे. तो भुतांबद्दल नाही. कादंबरीतलं भय कुठून तरी येतं: खोतीतून, कर्जातून, केलेल्या पापातून. रोजच्या भागाला शेवटी एक दचका लागतो, मग दचक्यामागची माणसं पातळ होत जातात. शिवाय किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारे, काजूच्या फॅक्टरीत गर सोलणाऱ्या बायका हे कोकण पडद्यावर जवळपास येतच नाही.

वाहिन्यांकडे काही मागायचंच असेल, तर मी पेंडशांचं ‘रथचक्र’ मागेन. मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबाशी झगडून बाहेर पडणारी त्यातली बाई सोज्वळ कोकणाच्या चित्रात मुळीच बसत नाही. तिची मालिका आली, तर मी एकही भाग चुकवणार नाही.