उष्णतेने स्पिन मरतो? प्लॅटिनमला विचारा

सध्या एक दावा जोरात फिरतोय: ‘स्पिन (इलेक्ट्रॉनचं अंगचं इवलंसं चुंबकपण) ही नाजूक क्वांटम गोष्ट. जड धातूंमधला स्पिन हॉल परिणाम (वीज वाहताना उलटसुलट स्पिनचे इलेक्ट्रॉन विरुद्ध बाजूंना वळून आडवा ‘स्पिन प्रवाह’ तयार होणं) द्रव हेलियमच्या थंडीतच टिकतो, तापमान वाढलं की संपतो. म्हणून स्पिनवर चालणारी मेमरी खोलीत वापरता येणार नाही.’ अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं ते हेच.

‘थंडीतच टिकतो’: भौतिकशास्त्रज्ञ साइतोह आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच प्लॅटिनम या जड धातूमध्ये स्पिन प्रवाहापासून तयार झालेला विद्युतदाब (याच परिणामाची उलटी बाजू) खोलीच्या तापमानाला मोजला होता. स्पिन हॉल परिणाम दाखवणारा २००४ चा गाजलेला प्रयोग अतिशीत होता खरा, पण तो गॅलियम आर्सेनाइडवर, म्हणजे अर्धवाहकावर. त्याचं खापर जड धातूंवर कशाला?

‘तापमान वाढलं की संपतो’: इथे दोन राशींची गल्लत आहे. कारखान्यात बॉयलरवर असतो तो पीटी-१०० सेन्सर आठवा: प्लॅटिनमच्या विद्युतरोधावरून तापमान सांगणारा. ० अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५. प्लॅटिनम तापलं की अणू जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉन जास्त वेळा धडकतात. प्रत्येक धडकेत स्पिन उलटण्याची थोडी शक्यता असते (एलियट-याफेट यंत्रणा). त्यामुळे आधीच काही नॅनोमीटरच असलेला स्पिनचा पल्ला (स्पिन टिकवून इलेक्ट्रॉन जातो ते अंतर) आणखी घटतो. दावा इथपर्यंत बरोबर.

पण विजेचा किती हिस्सा स्पिन प्रवाहात बदलतो, ती राशी वेगळी: स्पिन हॉल कोन. प्लॅटिनममध्ये हा परिणाम मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांमधूनच (धातूच्या स्वतःच्या रचनेतून, धडकांमधून नव्हे) येतो, म्हणून स्पिन हॉल वाहकता (ठरावीक विद्युतदाबाला किती स्पिन प्रवाह मिळतो ते) तापमानाने फारशी हलत नाही. कोन म्हणजे ही वाहकता गुणिले रोधकता (धातू विजेला किती अडवतो ते; वरच्या सेन्सरमध्ये तापल्यावर वाढते तीच). रोधकता वाढली की कोनही वाढतो! ज्या थरथरीने पल्ला कापला, तीच हिस्सा वाढवते.

शिवाय पल्ला घटला म्हणून बिघडतं काय? मेमरीत प्लॅटिनमचा थर असतो पाचेक नॅनोमीटरचा, आणि स्पिनला जायचं असतं फक्त शेजारच्या, बिट साठवणाऱ्या चुंबकी थरापर्यंत.

मग दाव्यात धरलंय तसे ‘सगळे जड धातू सारखेच’ का? मुळीच नाही. बीटा-टँटलमची (टँटलम धातूचं एक स्फटिकरूप) रोधकता तापमानाने जवळपास बदलतच नाही, तिथे वरचं गणित वाढ दाखवणार नाही. सोन्यात या परिणामामागे अशुद्धींचा हात मोठा असू शकतो. म्हणजे माझंही प्लॅटिनम सगळ्यांना लावू नका.

उष्णतेचा खरा जाच होतो तो त्या चुंबकी थराला: तापला की त्यातला बिट आपोआप उलटण्याची शक्यता वाढते. मेमरीवर शंका घ्यायचीच तर तिथे घ्या.