‘फ’ची शेपटी

सासऱ्यांनी निवृत्तीचे पैसे घालून साताऱ्यात बंगला बांधला आणि नाव ठेवलं ‘श्रमसाफल्य’. या नावाचा बंगला दर दोन गल्ल्यांआड असतोच, त्यामुळे नावाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण जेवताना अण्णांनी ताकाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही एवढे डिझाइन इंजिनिअर. पाटी तुम्हीच करून द्या."

मी चाकणला फिक्श्चर, म्हणजे कारखान्यात काम चालू असताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडी, डिझाइन करतो. क्लॅम्प कुठे बसेल, बोल्टला पाना लागेल का, हे माझं जग. अक्षरांशी माझा संबंध चेकवर सही करण्यापुरता. पण बायको अशी काही बघत होती, की "त्यात काय अण्णा, अर्ध्या तासाचं काम" हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं.

बेत साधा होता. 3 मिलिमीटरच्या स्टीलच्या पत्र्यातून अक्षरं लेझरने कापायची, मागे स्टड लावायचे, लांबी 450 मिलिमीटर. देवनागरीची यात एक सोय आहे. इंग्रजी पाटीला एकेक अक्षर सुटं चिकटवत बसावं लागतं. आपल्याकडे शिरोरेषा सगळ्या कुटुंबाला एकत्र धरून ठेवते. ही सोय पुढे माझ्या मुळावर येणार होती.

अक्षरं काढून दिली कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका करणाऱ्या एका पोराने. वळणदार फॉन्ट, आणि अण्णांच्या खास आग्रहाने ‘फ’च्या आकड्याला खाली ओढलेली एक नाजूक शेपटी. "दादा, कर्व्ह करून एसव्हीजी पाठवलीय," तो म्हणाला. "डायरेक्ट ओपन होईल." म्हणजे अक्षरांच्या नुसत्या कडांच्या रेषा केलेली चित्राची फाइल.

शनिवारी रात्री नऊला बसलो. फाइल खरंच डायरेक्ट ओपन झाली. फक्त पाटी 337.5 मिलिमीटरची आली. म्हणजे बरोबर पाऊण. पिक्सेलच्या दुनियेत एका इंचात किती पिक्सेल यावर एकमत नाही. छपाईवाले 72 धरतात, वेबवाले 96. त्याने 72 ने काढलं, माझ्या कॅडने, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरने, 96 ने वाचलं. 1.3333 ने गुणलं आणि स्वतःवरच खूश होऊन चहा टाकला.

चहा घेऊन आलो आणि एक्स्ट्रूड, म्हणजे सपाट आकाराला जाडी देणारं बटण, दाबलं. निषेध! प्रोफाइल, म्हणजे आकाराची कड, बंद नाही म्हणे. कुठे बंद नाही? ते सांगणार नाही. अगदी सासरच्यासारखं: काहीतरी चुकलंय एवढं कळतं, काय चुकलंय ते आपण ओळखायचं.

झूम केलं तेव्हा शिरोरेषेचं खरं रूप दिसलं. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं, आणि मधे फट दिसू नये म्हणून शेजाऱ्याच्या हद्दीत थोडं घुसतं. कागदावर छापलं की सगळं काळं, कोणाला पत्ता लागत नाही. पण नुसत्या कडा उरल्या की हे अतिक्रमण उघडं पडतं. श्र, म, स, काना, फ, ल्, य: सहा सांधे, आणि प्रत्येक सांध्यावर एकावर एक चढलेल्या रेषा. ट्रिम, ट्रिम, ट्रिम. ‘सा’ची तर एक रेष डिलीट केली तरी ती तिथेच. तीनदा पुसल्यावर कळलं, की पोराने ‘सा’ एकाच जागी दोनदा पेस्ट केलाय.

या वळणदार रेषा म्हणजे बेझिए कर्व्ह. त्यामागचं गणित 1959 मध्ये सित्रोएन या मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्झो याने मांडलं, पण कंपनीने ते कुलपात ठेवलं. पुढे रेनोच्या पिएर बेझिएने आपलं काम प्रसिद्ध केलं आणि वक्राला त्याचं नाव लागलं. श्रम एकाचे, साफल्य दुसऱ्याचं. रात्री साडेअकराला मला कास्तेल्झोबद्दल फार जवळीक वाटली.

एक्स्ट्रूड अजूनही नाहीच. शेवटी जुनी युक्ती काढली. माझं कॅड बंद आकारात फिकट निळा रंग भरतं. तेव्हा आकाराच्या मधून एक उभी रेघ मारायची. जी बाजू निळी होईल ती निर्दोष. पहिली रेघ ‘म’ आणि ‘सा’च्या मधे मारली. डावीकडे निळं, उजवीकडे पांढरं. म्हणजे श्रम पूर्ण झाले होते, साफल्य तेवढं अडकलं होतं. (हे मी बायकोला मोठ्याने सांगितलं. ती झोपली होती, आता जागी झाली.) दुसरी रेघ: ‘सा’ निळा. तिसरी: ‘ल्य’ निळा. मधे ‘फ’ पांढराफटक.

‘फ’च्या कडेने गोगलगाईसारखा फिरलो. शेपटीपाशी पोहोचलो तरी सगळं जुळलेलंच दिसत होतं. झूम, आणखी झूम. स्क्रीनभर दोन रेषांची टोकं आली, आणि त्यांच्या मधे फट! मोजली: 0.02 मिलिमीटर. कापणाऱ्या लेझरची चीरच याच्या कितीतरी पट रुंद. पण कॅडला ते मंजूर नाही. एका टोकाला धरून दुसऱ्यावर नेऊन सोडलं, आणि ‘फ’ आभाळासारखा निळा झाला. पावणेदोन वाजले होते.

सोमवारी ऑफिसात ही शौर्यगाथा सांगितली तर ज्युनिअर पोरगी म्हणाली, "सर, इंकस्केपमध्ये सगळं सिलेक्ट करून युनियन मारलं असतं तर सांधे, डबल रेषा, ती फट, सगळंच गेलं असतं." (इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर; युनियन म्हणजे सगळे आकार मिळून एकच आकार.) मी तिला पेंडिंग ड्रॉइंगांबद्दल विचारलं.

दुपारी भोसरीहून लेझरवाल्याचा फोन. "साहेब, पाटी साडेअकरा मीटरची येतीय. बंगल्याला लावायचीय का कॉलनीला?"

मी डीएक्सएफ, म्हणजे कॅडमधलं ड्रॉइंग दुसरीकडे न्यायची फाइल, पाठवली होती. हा प्रकार 1982 साली ऑटोकॅड या कॅड सॉफ्टवेअरबरोबर आला. त्यातून आकडे नेमके जातात, पण इंच की मिलिमीटर हे सोबत जाईलच असं नाही. त्याच्याकडे माझे 450 इंच झाले होते.

"मिलिमीटर, मिलिमीटर," मी ओरडलो.

"मग ठीकाय. आणि साहेब, ते ‘फ’ला खाली शेपूट कसलं काढलंय? टोक लई बारीक आहे, कापताना जळून जाईल. उडवू का?"

मी जरा वेळ काहीच बोललो नाही.

"उडव," म्हटलं.