सातपुड्यात रोप लावायचं ते सगळ्यात शेवटी

जुलै उजाडला की सातपुड्याच्या पायथ्याला रोपांचे ट्रॅक्टर लागतात. अक्कलकुवा, धडगाव, शिरपूर, चोपडा, यावल, सगळीकडे चित्र एकच. खड्डे आधीच खणलेले, रोपं पिशवीतली, मान्यवर, फोटो, फलक. दिवाळीनंतर त्याच उतारावर गेलं तर खड्डे सापडतात, रोपं बहुतेक ठिकाणी सापडत नाहीत. मग दोष पावसाला, शेळ्यांना आणि शेवटी डोंगरात राहणाऱ्या माणसांना दिला जातो. हा दोष चुकीच्या जागी लागतोय, हे तपशिलात सांगावं म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण ज्यांना या कामात खरंच रस आहे त्यांनी वाचावी.

म्हणणं असं आहे की जंगल परत आणायच्या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी हक्क, मग हद्द आणि गावाचे नियम, मग जमिनीत अजून जिवंत असलेले बुंधे, मग पाणी, मग बी. रोपवाटिकेतलं रोप सगळ्यात शेवटी, तेही गरज उरली तर. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो.

हक्क आधी का? १८२५ मध्ये इंग्रजांनी भिल्लांना ताब्यात ठेवण्यासाठी खानदेशात भिल्ल एजन्सी स्थापन केली आणि १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या रेषा आखल्या गेल्या. त्या रेषांनी भिल्ल, पावरा, तडवी, मावची, कोकणी अशा समाजांना त्यांच्याच डोंगरात अतिक्रमणदार ठरवलं. ज्या माणसाला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची खात्री नाही, त्याने पंधरा वर्षांनी मोठ्या होणाऱ्या झाडाची राखण का करावी? २००६ च्या वन हक्क कायद्याने हे बदलायची वाट दिली. त्यातलं कलम ३(१)(झ), म्हणजे इंग्रजी प्रतीतलं ३(१)(आय), सामूहिक वनसंपत्तीचं, म्हणजे गाव परंपरेने वापरत आलेल्या जंगलाचं, संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करायचा हक्क गावाला देतं. माझ्या मते जंगलाच्या दृष्टीने आख्ख्या कायद्यातलं हेच सर्वात मोलाचं वाक्य आहे. चर्चा मात्र बहुतेक वेळा वैयक्तिक प्लॉटच्या दाव्यांवरच अडकते.

दावा करताना कुठे चुकतं तेही सांगतो. सामूहिक वनसंपत्तीचा दावा नमुना 'क' मध्ये करायचा असतो. नमुना 'ब' हा चराई, पाणी, वनोपज अशा वापराच्या सामूहिक हक्कांसाठी आहे. बऱ्याच पाड्यांनी फक्त 'ब' भरला आणि व्यवस्थापनाचा हक्क आपोआप मिळाला असं धरून चालले. तसं होत नाही. हातात प्रमाणपत्र असेल तर त्यावर व्यवस्थापनाच्या कलमाचा उल्लेख आहे का ते पाहा. क्षेत्र दाव्यापेक्षा कमी केलंय का ते पाहा. कायद्यात नसलेली एखादी अट खाली टाकलीय का तेही पाहा. दावा पूर्ण किंवा अंशतः फेटाळला तर कारण लेखी मिळायला हवं, आणि त्यावर साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

ग्रामसभा पाड्याची घ्या. धडगावसारख्या तालुक्यात एका ग्रामपंचायतीत बरेच पाडे असतात, ते डोंगराच्या वेगवेगळ्या धारांवर विखुरलेले असतात. पंचायतीची एकत्र सभा बोलावली तर गणपूर्ती होत नाही. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार निम्मे सभासद हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बायका हव्यात. पाड्यावर ही अट सहज पुरी होते. गावाचे दावे तपासणारी वन हक्क समिती दहा ते पंधरा जणांची, त्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला सदस्य. समितीत गाई चारणारा आणि मोहफुलं वेचणारी बाई असेल तर पुढचं अर्धं काम हलकं होतं, कारण कोणत्या नाल्याला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असतं हे त्यांनाच ठाऊक असतं.

हद्दीसाठी शिवफेरी करायची ती म्हाताऱ्यांना पुढे घालून. धार, नाला, वाघदेवाची जागा, जुन्या वस्तीची जोती, गाथे म्हणजे पूर्वजांच्या स्मृतिशिळा, जुनी विहीर, सगळ्याची नोंद करायची आणि प्रत्येक वळणावर मोबाइलवर जीपीएस बिंदू घ्यायचा. वन हक्क कायद्याच्या नियमांतल्या नियम १३ मध्ये अशा खुणा आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून धरले आहेत. बरोबर वनखात्याची जुनी कार्य आयोजना (जंगलाच्या कामाचा आराखडा) आणि वनकक्षाचा नकाशा जोडला की दावा मजबूत होतो. शेजारच्या गावाला त्याच दिवशी सोबत घ्या. नंतर एकमेकांवर चढलेल्या हद्दी निघाल्या की फाइल वर्षानुवर्षं पडून राहते. आणि हो, अभयारण्यात हा हक्क मिळत नाही हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. कायद्याच्या व्याख्येत राखीव वनं, संरक्षित वनं, अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही आहेत. १९६९ चं यावल अभयारण्य याला अपवाद नाही.

वडिलोपार्जित शेतजमिनीचा प्रश्न वेगळा, कायदाही वेगळा. शहाद्याकडे आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांच्या काळात १९७० नंतर जो लढा उभा राहिला, तो सावकार आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेलेल्या जमिनींचा. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा, अंमल १ नोव्हेंबर १९७५ पासून. आदिवासींची जमीन परवानगीशिवाय दुसऱ्याकडे जाऊ न देणारं महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ आजही लागू आहे, आणि शहरालगतच्या पाड्यांत ते डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. इथे एवढंच पुरे.

नियम गावाने करायचे. साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे आपलं जवळचं उदाहरण. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, पण तिथे नेमकं काय झालं हे कमी लोकांनी पाहिलं. साधारण ४४५ हेक्टर जंगल गावाने आपल्या नियमांनी, दंडाने आणि पाळीच्या राखणीने वाढवलं, आणि ही सुरुवात वन हक्क कायदा येण्याच्या कितीतरी आधीची. गावाने ठरवलं म्हणून ते टिकलं.

चराईबंदी पूर्ण जंगलावर लावू नका. ती आठ दिवसांत मोडते, कारण जनावरांना दुसरीकडे जागाच नसते. क्षेत्राचे तीन भाग करा आणि एक भाग बंद ठेवा. कोवळे शेंडे शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत तो उघडायचा नाही, याला बहुधा तीन ते पाच पावसाळे लागतात. बंद भागातलं गवत दसऱ्यानंतर विळ्याने कापून न्यायची मुभा द्या. आणि ठेलारींशी, म्हणजे फिरत्या मेंढपाळांशी, भांडू नका, बोला. त्यांची मेंढरं ठरलेल्या वाटेने येतात. ती वाट आणि मुक्कामाची जागा नकाशावर आधीच मोकळी ठेवली तर ते बंद भागात शिरत नाहीत. हा समझोता गावाच्या वहीत लिहून ठेवावा.

आता बुंधे. उजाड दिसणाऱ्या उतारावर बारकाईने पाहिलं तर साग, धावडा, खैर, तिवस, पळस यांचे तोडलेले बुंधे दर चार पावलांवर असतात. मूळ खोल आणि जिवंत असतं, वर मात्र दरवर्षी तोडून, चरून झुडूप झालेलं असतं. अशा बुंध्याला आठ-दहा फुटवे असतात. थंडीच्या शेवटी, झाड विश्रांतीत असताना, दोन सरळ आणि जमिनीलगतून निघालेले फुटवे ठेवायचे, बाकीचे धारदार कोयत्याने तिरकस कापायचे. दोन वर्षांनी दोनातला एक. उंच बुंध्याच्या टोकावरून निघालेला फुटवा ठेवू नये, तो वाऱ्याने फाटतो. भर पावसाळ्यात कापलं तर जखम कुजते आणि वाळवी लागते. चराई बंद केल्याशिवाय हे काम करूच नये, नाहीतर शेळीला दोनच कोवळे शेंडे सोपे करून दिल्यासारखं होतं. असा फुटवा एका वर्षात जेवढा वाढतो, तेवढं पिशवीतलं रोप तीन वर्षांत वाढत नाही, कारण त्याच्याखाली मोठ्या झाडाचं मूळ असतं.

पाण्याचं काम माथ्यापासून पायथ्याकडे. समपातळी रेषा ए-फ्रेमने (इंग्रजी A च्या आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) किंवा पाण्याच्या नळीने काढा, नजरेने काढलेली रेषा चुकतेच. चुकलेल्या चरातून पाणी एका टोकाला पळतं आणि तिथे घळ पडते. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल चर सौम्य उतारावर ठीक. पण सातपुड्यात बऱ्याच ठिकाणी वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. तिथे सलग चर खणला की असलेल्या बुंध्यांची मुळं तुटतात. म्हणून खंडित चर घ्यावेत, बुंधा आला की चर थांबवायचा. तीव्र उतारावर तर खणूच नये, नाल्यात अनगड दगडांचे बांध घालावेत. बांधाची उंची एक मीटरच्या आत, मध्यभागी खोलगट म्हणजे पाणी मधूनच वाहील, दोन्ही टोकं काठात हातभर घुसवलेली, मोठे दगड खालच्या बाजूला. वरच्या बांधाचा पाया आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत आले की अंतर बरोबर. दगड नाल्यातलेच वापरा. उतारावर रुतलेले दगड उपसले तर त्यांनी धरलेली माती पहिल्याच पावसात तापीकडे निघते.

एवढं झालं की बी. इथे अंजनाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे आपल्या खानदेशी डोंगरांचं झाड. उघड्या पाषाणावर, कमी पावसात उभं राहतं, आणि गाईगुरं त्याचा पाला खातात. पण त्याचं सोटमूळ पहिल्याच पावसाळ्यात खोल जातं. पिशवीत ते वेटोळं घालतं आणि लावल्यावर झाड खुरटतं किंवा मरतं. म्हणून अंजन रोपाने नाही, बियांनी लावा. शेंगा एप्रिल-मेमध्ये पिकतात, चांगलं बी मात्र दरवर्षी येत नाही, तीन ते पाच वर्षांनी येतं. ज्या वर्षी येईल त्या वर्षी भरपूर गोळा करा आणि पहिल्या दमदार पावसाबरोबर दगडांच्या आडोशाला, एका जागी तीन-चार बिया टाका. मोहाचं उलट आहे. त्याचं बी फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांत उगवण संपते. फळ पडलं की त्याच आठवड्यात पेरा, पुढच्या जूनसाठी डब्यात ठेवू नका.

चारोळीचा प्रश्न लागवडीचा कमी, तोडणीचा जास्त. दुसरा नेईल या भीतीने कच्ची फळं झोडपली जातात, फांद्याच तोडल्या जातात, मग बी पडणार कुठून? ग्रामसभेने तोडणीची तारीख ठरवावी आणि दर पाचातलं एक झाड बियांसाठी सोडावं. डिंकाचंही तसंच. सालई-धावड्यात रसायन टोचून डिंक काढणाऱ्याला गावाने शिवारात पाऊल ठेवू देऊ नये. त्या झाडातून दोन हंगाम भरपूर डिंक मिळतो आणि मग ते वाळतं.

घाणेरी (लँटाना) वरून कापली की दुप्पट फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन इंचांवर तोडायचं, झुडूप उलटं करून ठेवायचं आणि त्या जागी लगेच मारवेल, पवन्यासारखं गवत पेरायचं. जागा मोकळी ठेवली तर पक्ष्यांनी आणलेलं घाणेरीचं बीच पुन्हा उगवतं. दोन वर्षं मागे फिरून उपटावं लागतं, याला सोपी वाट नाही.

आगीचं मूळ बऱ्याचदा मोहाखाली असतं. मार्च-एप्रिलमध्ये फुलं दिसावीत म्हणून पाचोळा पेटवतात आणि आग डोंगर चढते. यावर दंड लावून फारसं काही साधत नाही. पाचोळा झाडून बाजूला करा, किंवा झाडाखाली जुन्या साड्या, जाळी अंथरा. फुलंही स्वच्छ मिळतात, भाव चांगला येतो. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काढून झाली पाहिजे, तीन ते सहा मीटर रुंद, आणि तिच्यावरचा पाचोळा सकाळच्या दवात जाळायचा.

आणि इथे सगळ्यात मोठी अडचण येते, जी कुठल्याच आराखड्यात लिहिलेली नसते. दिवाळीनंतर पाड्यातली तरणी माणसं गुजरातेत ऊसतोडीला आणि शेतमजुरीला जातात, परततात ती होळीला. म्हणजे फुटवे निवडायचं आणि जाळरेषेचं काम ज्या जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हाच हात नसतात. चर आणि दगडी बांध होळीपासून मृगापर्यंत होऊ शकतात, पण मजुरी आठवड्याला हातात पडली तर. ती तीन महिने लांबली की माणूस पुन्हा गाडीत बसतो, यात त्याची काही चूक नाही. पेसा गावांना, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना, आदिवासी विकासाच्या निधीतून मिळणाऱ्या पाच टक्के अबंध (कामाची अट नसलेल्या) निधीतून आगाऊ मजुरी द्यायची आणि रोजगार हमीचे पैसे आल्यावर ग्रामसभेच्या कोषात परत भरायची, असा ठराव ग्रामसभा करू शकते का, हे दिवाळीआधीच्या सभेत ठरवायला हवं. मजुरीची सोय झाली तर दहा घरं तरी मागे राहतात. पाच किलोमीटर जाळरेषा काढायला तेवढी पुरतात.

ज्या संस्थांना, कंपन्यांना आपल्या खानदेशात झाडं लावायची आहेत त्यांना एकच विनंती. रोपांचे पैसे द्यायच्या आधी पाड्याच्या ग्रामसभेला विचारा की त्यांना जानेवारीतल्या मजुरीसाठी किती रक्कम लागेल. आणि हिशेब मागायचाच असेल तर लावलेल्या रोपांचा मागू नका. बंद ठेवलेल्या भागात तिसऱ्या दसऱ्याला डोक्यावर गेलेले फुटवे किती, तो आकडा मागा.