४१७७

माझ्याकडे तीनशे रुपयांची एक पावती आहे. छापील, शिक्क्यासकट. 'दुचाकी वाहन रात्र मुक्काम शुल्क' असं तिच्यावर लिहिलंय. माझं दुचाकी वाहन म्हणजे सायकल, आणि तिने तिथे एकही रात्र काढलेली नाही. संध्याकाळी मी तिच्यावरच बसून घरी जातो. हे मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं खरं असंल साहेब, पण रजिस्टर तसं बोलत नाही."

औसा रोडवरच्या ज्या कॉम्प्लेक्समध्ये आमचं ऑफिस आहे, तिथे सोमवारी सकाळी गेटवर एक टेबल आलं. टेबलामागे नवे वॉचमन मामा, टेबलावर नवं कोरं रजिस्टर. रकाने छापील: अनुक्रमांक, वाहन क्रमांक, प्रकार, आत, बाहेर, सही. मामांचा गणवेश इतका नवा की कॉलरचा पुठ्ठा अजून काढलेला नव्हता.

"नंबर सांगा, साहेब."

"मामा, सायकल आहे."

"ते दिसायलंय की. नंबर सांगा."

"सायकलला नंबर नसतो."

मामांनी पुढचं चाक पाहिलं. उठून, वळसा घालून मागचंही पाहिलं. "मग हितं लिहू काय?"

"काही लिहू नका."

"रकाना मोकळा सोडायचा नाही म्हणून सांगितलंय."

"मग निरंक लिहा."

मामा विचारात पडले. माणूस विचारी होता, हीच अडचण होती. "निरंक लिव्हलं की गाडी आलीच नाही असं होतंय. अन् तुम्ही तर आलाव."

माझ्यामागे तोवर स्कूटरवाल्यांची रांग लागली होती. त्यातल्या सगळ्यात पुढच्या, पांढऱ्या अ‍ॅक्टिव्हावरच्या गृहस्थांनी एक पाय जमिनीवर टेकवला, आणि त्यांना कसलीच घाई नाही हे माझ्या लक्षात आलं.

"डॉक्टर हाव का?"

इथे सायकलीबद्दल थोडं सांगावं लागेल. लातुरात जुनी सायकल घ्यायला मे-जूनसारखा मुहूर्त नाही. नीटची परीक्षा झाली की ट्यूशन एरियातल्या खोल्या रिकाम्या होतात आणि खोली ते क्लास, क्लास ते मेस एवढंच जग पाहिलेल्या सायकली विकायला निघतात. माझी अशीच एका रिपीटरची. मागच्या मडगार्डवर लाल अधिकचं चिन्ह, खाली 'भावी डॉक्टर' असं स्टिकर. लातूरच्या उन्हात 'भावी' उडालं. बाकीचं काही केल्या निघत नाही. पोराला कुठे अ‍ॅडमिशन मिळाली कुणास ठाऊक, पण त्याने स्टिकर उत्तम प्रतीचं घेतलं होतं.

"नाही, डॉक्टर नाही," मी म्हणालो.

"मग डॉक्टरनं सांगितली का?"

"काय?"

"सायकल."

"नाही हो. ऑफिसला येतो रोज."

"शुगर हाय?"

"नाही."

"बीपी?"

"घरून निघालो तेव्हा नव्हतं."

"मग कामून चालवायलाव?"

मला खरं उत्तर द्यायचं होतं. म्हणजे असं की, बार्शी रोडवरून निघून शिवाजी चौक ओलांडून इथे यायला मला मोटारसायकलवाल्या शेजाऱ्यापेक्षा पाच-सात मिनिटंच जास्त लागतात, आणि तेवढ्या वेळात मला कुणी फोन करत नाही. पण रांग वाढत होती, म्हणून मी म्हणालो, "आवडते म्हणून."

गृहस्थांनी मान डोलावली आणि मागच्या स्कूटरवाल्याकडे वळून, मला ऐकू येईल इतक्या हलक्या आवाजात म्हणाले, "शुगरच हाय. सांगत नाहीत लोकं."

मागच्याने पुढे होऊन माझ्याकडे नीट पाहिलं आणि दुजोरा दिला. आमच्या मेव्हण्याचं तोंड असंच उतरलं होतं, म्हणाला. मग मेथीदाणे रात्री भिजवावेत की नुसते चावून खावेत यावर दोघांची चर्चा सुरू झाली. मधेच मामांनीही कारल्याच्या रसाच्या बाजूने मत नोंदवलं. रजिस्टरमध्ये मात्र काहीच नोंदवलं नाही.

शेवटी मीच म्हणालो, की फ्रेमला नंबर असतो. तो पायडलचा दांडा ज्या नळकांड्यात फिरतो त्याच्या पोटाला ठोकलेला असतो. सायकल उलटी केली. चिखल खरवडला. मामा गुडघ्यावर बसले, अ‍ॅक्टिव्हावाल्यांनी मोबाइलची बॅटरी धरली, आणि तिघांनी मिळून तो नंबर वाचला. इतका लांब, की रकान्यात मावेना. मामांनी शेवटचे चार आकडे घेतले: ४१७७. प्रकारात 'दुचाकी' लिहिलं. मी म्हटलं, 'इतर' लिहा. ते म्हणाले, "चाकं दोनच हायेत की, मालक." यावर काय बोलणार?

जाता जाता मामांनी विचारलं, "आमच्या बापाच्या सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला होता. तुमचा कुठाय?"

"आता बिल्ला नसतो, मामा. सायकलवरचा कर गेला."

"कर गेला व्हय?" मामा म्हणाले. "म्हणूनच जागा नाही."

हे मला चावलं, आणि अजून चावतंय. एके काळी या सरकारला सायकल दिसत होती. कर होता, बिल्ला होता. रात्री बत्ती नसली की हवालदार धरायचा, डबल सीट दिसलं की चाकातली हवा सोडायचा. आज मी बत्ती न लावता, डबल सीट, उलट्या बाजूने चौकातून गेलो तरी हवालदार माझ्या आरपार पलीकडच्या मोटारसायकलला शिट्टी मारील. दंड करण्याइतकीही आपली किंमत उरलेली नाही. २०१८ पासून संयुक्त राष्ट्रांनी ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवून दिलाय. त्या दिवशी गावोगाव साहेब लोक टोप्या घालून सायकलवर बसतात, फोटो निघतो, सायकली टेम्पोत चढतात. २०२० साली नेमक्या त्याच दिवशी अ‍ॅटलस कंपनीने साहिबाबादचा आपला शेवटचा चालू कारखाना बंद केला. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून याच गावात सायकली फिरत होत्या. टँकरपाशी कुणी त्यांना नंबर विचारला नव्हता. असो. माझा मुद्दा पार्किंगचा आहे.

आम्ही सहा जण आहोत. संघटना नाही, नाव नाही, टी-शर्ट तर नाहीच. एकाच रस्त्याने सायकलवर कामाला येणारी माणसं, एवढंच. सरांच्या मागे क्लासची पोरं 'फिजिक्स, फिजिक्स' करतात म्हणून त्यांचा विषय कळला. लॅबवाल्या सिस्टर, शिलाईवाले मास्तर, बँकवाले दादा आणि तळमजल्यावरचा झेरॉक्सवाला, यांची खरी नावं मला आजही माहीत नाहीत. पण मागून येणाऱ्या चेनच्या आवाजावरून कोण ते सांगतो. मास्तरांची काळी बावीस इंची सायकल चौकाच्या अलीकडून ऐकू येते. त्यांना घंटीची गरज नाही, आणि घंटी नाहीच.

आमचे व्यवहार मोजके. चढाला कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. कुणी टाकलंच, तर "तेल दिलंय वाटतं" म्हणायचं. कुठल्या गल्लीतलं कुत्रं सध्या भुकायला लागलंय, कुठे गटाराचं झाकण गेलंय, हे सिग्नलला सांगायचं. पाऊस संपला की रस्त्याच्या कडेला सराटे वाळतात, तेव्हा ही खबर सगळ्यात महत्त्वाची. सराटा कसाही पडला तरी एक काटा आभाळाकडे करूनच पडतो. तो टायरात घुसला तर लगेच उपटायचा नाही हे मला मास्तरांनी शिकवलं. तोच बूच असतो. तसंच दामटत नंदी स्टॉपजवळच्या चहाच्या टपरीपर्यंत यायचं. तिथे मागच्या बाजूला आमचा सामायिक पंप असतो, चिमटा असतो, आणि सोल्युशनची एक ट्यूब, जी नेहमी वाळलेली असते, कारण शेवटी वापरणारा झाकण लावत नाही. शेवटी कोण वापरतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

हवा भरायला पेट्रोल पंपावर का जात नाही? गेलो होतो. तिथला पोरगा मशीन तिसावर लावून बसलेला असतो. माझ्या टायरला साठ लागते. साठ म्हटलं की तो आधी माझ्याकडे बघतो, मग मालकाच्या केबिनकडे, मग म्हणतो मशीन बंद आहे. मास्तरांच्या सायकलला तर वालट्यूब, म्हणजे रबरी नळीचा जुना व्हॉल्व्ह. तिला त्या मशीनचं तोंडच बसत नाही.

रविवारी औशाच्या किल्ल्यापर्यंत जाऊन येणारी मंडळी वेगळी. जर्सी, गॉगल, मोबाइलवर नकाशा. भेटलो की ते हात करतात, आम्हीही करतो. पण समोरचा उगाच चालवतोय अशी दोन्ही बाजूंची खात्री असते.

तर सोमवारी माझ्या पाठोपाठ सिस्टर आल्या. त्यांनी माझी उलटीपालटी लांबून पाहिली होती. लॅबसमोर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं ताटकळत असताना सायकल उलटी करायला त्यांना वेळ नव्हता. मामांनी नंबर विचारला. सिस्टर पापणी न लववता म्हणाल्या, "४१७७."

मामांनी लिहिलं.

मागून सर आले. ४१७७. दादा, ४१७७. मास्तरांच्या फ्रेमवरचा नंबर गंजाने केव्हाच खाल्लाय, तेही ४१७७. मी जिन्यातून हे बघत होतो आणि, खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. बैठक नाही, ठराव नाही, डोळा मारणं नाही. सहा माणसं आणि एक नंबर! मामांनाही काही वावगं वाटलं नाही. रकाना भरला की त्यांचं काम झालं.

संध्याकाळी मी सगळ्यांत आधी निघालो. मामांनी ४१७७ पुढे 'बाहेर' लिहिलं. मग सिस्टर आल्या. मामांनी पान पाहिलं आणि म्हणाले, "ही गाडी गेलीय." सिस्टर म्हणाल्या, "मग मी जाऊ का?" मामा म्हणाले, "जावा की." बाकीचेही असेच गेले. म्हणजे रजिस्टरप्रमाणे ४१७७ सकाळी सहा वेळा आत आली, संध्याकाळी एकदा बाहेर गेली, आणि रात्री पाच ४१७७ पार्किंगमध्ये झोपल्या.

मंगळवारीही तेच.

बुधवारी संध्याकाळी खाली उतरलो तर सायकल जागेवर नाही. ती जनरेटरच्या मागे, कुणीतरी बदलून टाकलेल्या कमोडशेजारी उभी होती, सोसायटीची साखळी आणि कुलूप लावून. बसायच्या जागेवर पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी: थकबाकी. सुपरवायझरने हिशोब मांडून दाखवला. मुक्कामाचे दर रात्री वीस. सोमवारी पाच गाड्यांचे शंभर, मंगळवारी दहा गाड्यांचे दोनशे. गाडीचा मालक कोण, असं विचारल्यावर मामांनी प्रामाणिकपणे माझं नाव सांगितलं होतं, कारण नंबर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी माझ्या सायकलवर वाचला होता.

मी खूप बोललो. दहा सायकली कुठे आहेत त्या दाखवा म्हणालो. तो म्हणाला, "तेच तर आम्ही तुम्हाला विचारायलोत." साडेसात वाजले होते, अंधार पडला होता, रिक्षावाला बार्शी रोडचे दीडशे सांगत होता. मी तीनशे भरले. कुलूप निघालं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर विषय काढला. सर म्हणाले ही अंकगणिती श्रेढी आहे, आणि रविवार सोडून सव्वीस दिवसांची बेरीज तिथल्या तिथे करून सांगितली: ३५,१०० रुपये. तेवढ्यात गिअरची नवी सायकल येते, असंही म्हणाले. चेहऱ्यावर आनंद होता. बेरीज झाल्यावर त्यांनी आपले पन्नास पगाराला देतो म्हणून सांगितलं. सिस्टरनी तिथेच काढून दिले. दादांनी सुट्टे नाहीत म्हणत चहाचे सगळे पैसे भरले, उरलेले उद्या. मास्तर म्हणाले पैसे कशाला, पँट आणून टाका, कंबर सैल करून देतो. सैल करून लागेल हे त्यांना कसं कळलं, ते विचारायचं राहिलं. इतके दिवस ते माझ्या मागून सायकल चालवतायत.

झेरॉक्सवाला मात्र म्हणतो, त्याचा यात संबंध नाही. घाईत त्याने ४१७१ सांगितलं होतं, त्यामुळे त्याचा हिशोब वेगळा. सरांनी लगेच टपरीच्या पाटीवर खडूने मांडून दाखवलं, की तो वेगळा असता तर रात्रीला चारच गाड्या उरल्या असत्या, ऐंशी आणि एकशेसाठ मिळून दोनशेचाळीस झाले असते. पावती तीनशेची आहे, त्याअर्थी हा माणूस खोटं बोलतोय. झेरॉक्सवाला म्हणाला, मामांनी सातच ऐकलं असेल, तर त्याला तो काय करणार? रजिस्टर दाखवा म्हणाला. सुपरवायझर रजिस्टर गेटच्या बाहेर नेऊ देत नाही. पाहिजे तर झेरॉक्स काढून घ्या म्हणतो. कॉम्प्लेक्समध्ये मशीन एकच आहे. पानाला दोन रुपये. मी ओळखीचा म्हणून काही कमी होईल का, असं काल विचारलं, तर म्हणाला, पाठपोट असेल तर तीन.